शेकडा वाढ आणि शेकडा घट

शेकडा वाढ आणि शेकडा घट म्हणजे एखाद्या राशीत झालेला बदल तिच्या मूळ मूल्याशी ताडून शंभराच्या प्रमाणात मांडण्याची अंकगणितातील रीत होय. मूळ मूल्य १०० असते तर बदल केवढा झाला असता, एवढाच या रीतीचा अर्थ आहे. तिला टक्केवारीतील वाढ-घट किंवा शतमान वाढ-घट असेही म्हणतात. महाराष्ट्र राज्याच्या शालेय पाठ्यक्रमात शेकडेवारी व नफा-तोटा हे घटक सहावीत येतात. पुढे सरळव्याज, आठवीत सूट व कमिशन आणि त्यानंतर चक्रवाढव्याज या प्रकरणांत हीच कल्पना वेगवेगळ्या नावांनी पुन्हा भेटते.

या प्रकारच्या उदाहरणांत विद्यार्थ्यांची चूक बहुधा गुणाकार-भागाकारात होत नाही. भागायचे कशाने, हे ठरवताना होते. ज्या मूल्याशी तुलना करायची त्याला आधार किंवा मूळ मूल्य म्हणतात. आधार बदलला की त्याच बदलाची टक्केवारी बदलते, आणि तो न सांगितल्यास टक्केवारीला निश्चित अर्थ उरत नाही. या लेखातील बरीचशी उदाहरणे छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) शहर, त्याला लागून असलेली छावणी आणि मराठवाड्याचा परिसर येथील आहेत. वस्तूंच्या व जनावरांच्या किमती आणि घरपट्टीच्या रकमा केवळ समजुतीसाठी घेतल्या आहेत. जनगणनेचे आकडे, धरणांची क्षमता आणि करांचे दर मात्र प्रत्यक्षातील आहेत.

व्याख्या आणि सूत्र

शेकडा बदल = (नवीन मूल्य − मूळ मूल्य) ÷ मूळ मूल्य × १००

उत्तर धन आले तर ती शेकडा वाढ आणि ऋण आले तर शेकडा घट. घट सांगताना ऋण चिन्ह न लिहिता ‘इतके टक्के घट’ असे म्हणण्याची पद्धत आहे. दोन्ही एकत्र लिहिणे, म्हणजे ‘उणे ५ टक्के घट’ असे म्हणणे, चुकीचे आहे; त्याचा काटेकोर अर्थ वाढ असा होईल.

व्यवहारात याहून सोयीची रीत गुणकाची आहे. २० टक्के वाढ म्हणजे मूळ मूल्य गुणिले १.२०, २० टक्के घट म्हणजे मूळ मूल्य गुणिले ०.८०. वाढीचा किंवा घटीचा भाग आधी काढून मग तो मिळवण्याऐवजी किंवा वजा करण्याऐवजी एका गुणाकारात काम होते. पुढे येणारी लागोपाठच्या बदलांची आणि उलट्या गणिताची उदाहरणे याच रीतीने उलगडतात.

मराठीत ‘पट’ हा शब्द या संदर्भात सावधपणे वापरावा लागतो. किंमत दुप्पट झाली म्हणजे १०० टक्के वाढली आणि तिप्पट झाली म्हणजे २०० टक्के वाढली. ‘तिपटीने वाढली’ या वाक्यातून काही जण तिप्पट झाली असा अर्थ घेतात, तर काही जण मूळ किमतीत तीन पट भर पडली असा. पहिल्या अर्थाने वाढ २०० टक्के ठरते, दुसऱ्या अर्थाने ३०० टक्के. ‘दुपटीने घटली’ या प्रयोगाला तर गणिती अर्थच नाही, कारण धन राशीची घट १०० टक्क्यांहून अधिक होऊ शकत नाही.

आधाराची निवड

छावणीत दर गुरुवारी आठवडी बाजार भरतो आणि त्यात जनावरांचीही खरेदी-विक्री होते. समजा, एका व्यापाऱ्याने ८,००० रुपयांना घेतलेली शेळी १०,००० रुपयांना विकली. नफा २,००० रुपये. खरेदी किमतीशी ताडल्यास तो २५ टक्के होतो आणि विक्री किमतीशी ताडल्यास २० टक्के. दोन्ही भागाकार बरोबर आहेत. शालेय गणितात शेकडा नफा किंवा तोटा नेहमी खरेदी किमतीवर काढण्याचा संकेत आहे, म्हणून तेथे उत्तर २५ टक्के. दुकानदारीत मात्र ‘शंभराच्या विक्रीमागे वीस सुटतात’ असा विक्रीवरचा हिशेबही रूढ आहे. ज्या मुलांच्या घरी व्यापार आहे त्यांना पाठ्यपुस्तकाचे उत्तर कधी कधी खटकते, ते यामुळेच. संकेत म्हणजे सिद्धान्त नव्हे, हे त्यांना सांगितले की प्रश्न मिटतो.

याच बाजारातील आणखी एक उदाहरण घेऊ. दोन शेळ्या प्रत्येकी ९,६०० रुपयांना विकल्या. एकीवर २० टक्के नफा झाला, दुसरीवर २० टक्के तोटा. वरवर पाहता ना नफा ना तोटा असे वाटते. परंतु पहिलीची खरेदी किंमत ९,६०० ÷ १.२० = ८,००० रुपये आणि दुसरीची ९,६०० ÷ ०.८० = १२,००० रुपये. दोन्हींची मिळून खरेदी २०,००० रुपयांची आणि विक्री १९,२०० रुपयांची झाली. व्यापाऱ्याला ८०० रुपये, म्हणजे ४ टक्के तोटा झाला. टक्के सारखे असले तरी ज्यांचे ते टक्के आहेत त्या रकमा सारख्या नाहीत.

मूळ मूल्य काढणे

बदलानंतरचे मूल्य आणि बदलाची टक्केवारी दिली असता मूळ मूल्य शोधणे हा या घटकातील सर्वांत अधिक चुकणारा प्रकार आहे. वरच्या उदाहरणातील दुसऱ्या शेळीविषयी ‘२० टक्के तोट्याने ९,६०० रुपयांना विकली’ एवढेच सांगितले, तर पुष्कळ विद्यार्थी ९,६०० चे २० टक्के, म्हणजे १,९२० रुपये, त्यात मिळवून ११,५२० असे उत्तर काढतात. तोटा खरेदी किमतीवर मोजलेला आहे. तिच्या जागी विक्री किंमत आधार म्हणून घेतली जाते, ही येथील चूक आहे. ९,६०० रुपये हे खरेदी किमतीचे ८० टक्के आहेत, असे वाक्य आधी लिहून घेतले तर पुढची पायरी आपोआप सुचते: ९,६०० ला ८० ने भागून १०० ने गुणले की १२,००० मिळतात.

घटीतून मूळ मूल्यावर परत येण्यासाठी लागणारी वाढ घटीपेक्षा नेहमीच मोठी असते. १० टक्के घटीनंतर सुमारे ११.११ टक्के, २० टक्क्यांनंतर २५ टक्के, निम्म्यावर आल्यानंतर १०० टक्के आणि ८० टक्के घटीनंतर ४०० टक्के वाढ झाल्यावरच राशी पूर्वपदावर येते.

लागोपाठचे बदल

एकामागून एक होणाऱ्या बदलांची टक्केवारी बेरीज-वजाबाकी करून मिळत नाही, कारण दुसऱ्या बदलाचा आधार पहिल्या बदलानंतरचे मूल्य असते. २० टक्के वाढ आणि नंतर २० टक्के घट यांचा एकत्र परिणाम १.२० × ०.८० = ०.९६, म्हणजे ४ टक्के घट. आधी घट आणि मग वाढ झाली तरी उत्तर तेच येते. गुणाकारात क्रमाने फरक पडत नाही. ‘अ’ टक्के आणि ‘ब’ टक्के असे दोन बदल लागोपाठ झाले तर एकूण शेकडा बदल अ + ब + (अ × ब ÷ १००) असतो. घट असल्यास ती संख्या ऋण घ्यावी.

सणासुदीला कापडाच्या दुकानांवर ‘५० टक्के + २० टक्के सूट’ अशा पाट्या दिसतात. ही सूट ७० टक्के नसून ६० टक्के असते: शंभराचे पन्नास होतात आणि पन्नासाचे चाळीस. पाटीवर ६० लिहिण्यात कसलीच अडचण नसते, तरीही बेरजेचे चिन्हच छापले जाते.

टक्का आणि टक्केबिंदू

राशीच मुळात टक्क्यांत असेल तेव्हा (उदाहरणार्थ व्याजाचा दर, कराचा दर, परीक्षेचा निकाल) तिच्यातील बदल दोन प्रकारे सांगता येतो. दर १० टक्क्यांवरून १५ टक्के झाला, तर दोन दरांतील साधा फरक ५ आहे. त्याला टक्केबिंदू म्हणतात. पूर्वीच्या दराशी ताडल्यास मात्र ही ५० टक्के वाढ आहे. बोलीत आणि वृत्तपत्रांत दोहोंसाठी ‘टक्के’ हा एकच शब्द वापरला जातो. त्यामुळे ‘दर ५ टक्क्यांनी वाढला’ या वाक्यातून दर १५ टक्के झाला की १०.५ टक्के झाला, हे कळत नाही. ‘१० वरून १५ टक्के’ असे दोन्ही आकडे देणे हा त्यावरचा उपाय आहे. मराठीतील ‘पाव टक्का’, ‘अर्धा टक्का’ हे शब्दप्रयोग व्याजदराच्या बातम्यांत टक्केबिंदूच्याच अर्थाने येतात. रिझर्व्ह बँकेने २०२५ च्या फेब्रुवारीत रेपो दर ६.५० वरून ६.२५ टक्के केला तेव्हा ती ‘पाव टक्क्याची कपात’ होती. दराच्या हिशेबाने ती जवळपास ३.८५ टक्के घट ठरते.

छावणीतील घरमालकाला हा फरक घरपट्टीच्या मागणीपत्रात दिसू शकतो. छावणी हा भाग महानगरपालिकेत येत नाही. तेथील नागरी कारभार छावणी परिषदेकडे आहे आणि तिला छावणी अधिनियम, २००६ लागू होतो. या अधिनियमानुसार मालमत्ता कर वार्षिक करयोग्य मूल्याच्या १० टक्क्यांपेक्षा कमी आणि ३० टक्क्यांपेक्षा जास्त असत नाही. समजा, एका घराचे वार्षिक करयोग्य मूल्य ४०,००० रुपये आहे. १० टक्के दराने कर ४,००० रुपये होतो आणि १५ टक्के दराने ६,००० रुपये. दर पाच टक्केबिंदूंनी वाढतो, पण घरमालकाच्या खिशातून जाणारी रक्कम ५० टक्क्यांनी वाढते. त्याच वेळी फेरआकारणीत करयोग्य मूल्यही २० टक्क्यांनी वाढून ४८,००० रुपये झाले, तर कर ७,२०० रुपये होईल. ही वाढ ५० + २० = ७० टक्के नसून ८० टक्के आहे (१.५० × १.२० = १.८०).

दर घटल्यावरही अशीच फसगत होते. वस्तू व सेवा कराचे नवे दर २२ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाले, तेव्हा ३५० सीसीपर्यंतच्या दुचाकींवरील दर २८ वरून १८ टक्क्यांवर आला. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत दुचाकी तयार होतात, त्यामुळे या शहरात त्या बदलाची चर्चा साहजिक होती. ‘कर १० टक्क्यांनी कमी, म्हणून गाडी १० टक्क्यांनी स्वस्त’ हा मात्र चुकीचा निष्कर्ष आहे. करापूर्वीच्या १०० रुपयांमागे ग्राहक पूर्वी १२८ रुपये देत होता, आता ११८ देतो. १२८ वर १० रुपयांची घट म्हणजे सुमारे ७.८ टक्के. कराची स्वतःची रक्कम २८ वरून १८ झाली, म्हणजे सुमारे ३५.७ टक्क्यांनी घटली. दहा टक्केबिंदू, ७.८ टक्के आणि ३५.७ टक्के हे तिन्ही आकडे एकाच निर्णयाचे आहेत. त्याच दिवशी तूप व लोणी यांवरील दर १२ वरून ५ टक्के झाला. तेथे सात टक्केबिंदूंची कपात ग्राहकाच्या किमतीत ६.२५ टक्के घट ठरते.

जायकवाडीचा पाणीसाठा

मराठवाड्यात टक्केवारीतील वाढ-घट रोज वाचली जाते ती पावसाळ्यात, पैठणजवळच्या जायकवाडी धरणाच्या संदर्भात. या धरणाची पायाभरणी १९६५ मध्ये लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते आणि उद्घाटन १९७६ मध्ये इंदिरा गांधी यांच्या हस्ते झाले. नाथसागर नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्याच्या जलाशयातून छत्रपती संभाजीनगरला पिण्याचे पाणी येते. जलाशयाची एकूण क्षमता २,९०९ दशलक्ष घनमीटर (दलघमी) आहे. त्यांपैकी २,१७१ दलघमी हा उपयुक्त साठा आणि उरलेला ७३८ दलघमी हा मृतसाठा. कालव्यांची तोंडे ज्या पातळीवर आहेत तिच्या खालचे पाणी मृतसाठ्यात मोडते.

‘जायकवाडी २० टक्क्यांवर’ असे जाहीर होते तेव्हा आधार असतो उपयुक्त क्षमता. २,१७१ चे २० टक्के म्हणजे सुमारे ४३४ दलघमी. प्रत्यक्षात जलाशयात त्याखेरीज ७३८ दलघमी मृतसाठाही असतो, म्हणजे एकूण पाणी १,१७२ दलघमी, एकूण क्षमतेच्या सुमारे ४०.३ टक्के. धरणाच्या भिंतीवर उभे राहणाऱ्याला समोर पाणी पुष्कळ दिसते आणि बातमीत आकडा लहान येतो, याचे कारण हे आहे.

आता समजा, आठवडाभरात नाशिक व अहिल्यानगर जिल्ह्यांतून पाण्याची आवक झाली आणि साठा २० वरून ३० टक्के झाला. नव्याने आलेले पाणी सुमारे २१७ दलघमी. ही वाढ दहा टक्केबिंदूंची आहे. उपयुक्त साठ्याच्या दृष्टीने ती ५० टक्के आहे (४३४ वरून ६५१ दलघमी). जलाशयातील एकूण पाण्याच्या दृष्टीने ती सुमारे १८.५ टक्के आहे (१,१७२ वरून १,३८९ दलघमी). आणि एकूण क्षमतेची टक्केवारी पाहिली, तर ती ४०.३ वरून ४७.८, म्हणजे साडेसात टक्केबिंदूंनीच वाढली. एकाच पाण्याचे हे चार आकडे आहेत. शेतकऱ्याला पाण्याच्या किती पाळ्या मिळतील हे कळण्यासाठी उपयुक्त साठ्याचा आधार योग्य. बाष्पीभवनाचा अंदाज घेणाऱ्याला मात्र एकूण पाणी विचारात घ्यावे लागते.

जायकवाडीचा एक टक्का म्हणजे २१.७१ दलघमी, अर्थात २,१७१ कोटी लिटर. नाशिकजवळच्या गंगापूर धरणाची उपयुक्त क्षमता सुमारे १५९ दलघमी आहे, म्हणून तेथील एक टक्का जेमतेम १.६ दलघमीचा. गंगापूर रिकामे असताना पूर्ण भरले, शून्यावरून शंभर टक्क्यांवर गेले, तरी तेवढे पाणी जायकवाडीच्या सव्वासात-साडेसात टक्क्यांइतकेच होते. ‘वरची धरणे ९५ टक्के आणि खालचे ४०’ अशी तुलना उन्हातान्हात वाद पेटवते. ती पाण्याची तुलना नसते, धरणे आपापल्या क्षमतेच्या मानाने किती भरली आहेत याची असते. त्यावरून कोणाकडे किती पाणी आहे हे कळत नाही. अर्थात खालच्या धरणाची तूटही त्यावरून लहान ठरत नाही. ४० टक्क्यांवरच्या जायकवाडीत उपयुक्त क्षमतेपेक्षा १,३०० दलघमीहून अधिक पाणी कमी असते.

ऊर्ध्व गोदावरी खोऱ्यातील समन्यायी पाणीवाटपात तर टक्केवारीला कायदेशीर वजन आले. मेंढेगिरी समितीच्या अभ्यासातून आलेल्या सूत्रानुसार, खरिपातील वापर धरून १५ ऑक्टोबरला जायकवाडीचा साठा ६५ टक्क्यांपेक्षा कमी असेल तर वरच्या धरणांतून पाणी सोडण्याचा प्रश्न उपस्थित होतो. हे ६५ टक्के उपयुक्त साठ्याचे आहेत, म्हणजे सुमारे १,४११ दलघमी. तेच पाणी मृतसाठा मिळवून एकूण क्षमतेशी ताडले तर जवळपास ७३.९ टक्के होते. आधार न सांगता कोणी ‘धरण ७० टक्के भरले आहे’ असे म्हटले, तर सोडण्याजोगी तूट आहे की नाही हे त्या वाक्यावरून ठरवता येणार नाही. एका आधाराने सत्तर टक्के हे पासष्टच्या वर आहेत, दुसऱ्या आधाराने उंबरठ्याच्या खाली. सातवी-आठवीच्या विद्यार्थ्याला भागाकारातील छेद तपासून पाहण्याची सवय का लावायची, याचे याहून जवळचे उदाहरण मराठवाड्यात सापडणे कठीण आहे.

लोकसंख्येतील वाढ-घट

जनगणनेतील दशवार्षिक वाढीचा दर ही शेकडा वाढच असते. २००१ मध्ये तत्कालीन औरंगाबाद महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या ८,७३,३११ होती, २०११ मध्ये ती ११,७५,११६ झाली. वाढ ३,०१,८०५, म्हणजे सुमारे ३४.५६ टक्के. जिल्ह्याची लोकसंख्या याच दशकात २८,९७,०१३ वरून ३७,०१,२८२ झाली, म्हणजे सुमारे २७.७६ टक्क्यांनी वाढली. त्या दहा वर्षांतील राज्याची वाढ सुमारे १६ टक्के होती.

३४.५६ ला १० ने भागून ‘दरवर्षी ३.४६ टक्के वाढ’ असे म्हणणे चूक आहे. प्रत्येक वर्षीच्या वाढीचा आधार आदल्या वर्षीची वाढलेली लोकसंख्या असते, म्हणून हिशेब चक्रवाढीचा होतो आणि वार्षिक दर सुमारे ३.०१ टक्के येतो. चक्रवाढव्याजाचे सूत्र लोकसंख्येला आणि यंत्रांच्या घसाऱ्याला लावण्याची उदाहरणे आठवीच्या पातळीवर दिली जातात ती याच कारणाने.

घटीची उदाहरणेही त्याच दशकात सापडतात. रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६,९६,७७७ वरून १६,१५,०६९ वर आली (सुमारे ४.८२ टक्के घट) आणि सिंधुदुर्गाची ८,६८,८२५ वरून ८,४९,६५१ वर (सुमारे २.२१ टक्के घट). मुंबई शहर जिल्ह्यात ३३,३८,०३१ वरून ३०,८५,४११ अशी सुमारे ७.५७ टक्के घट झाली. तेवढीच माणसे परत आली तर ती वाढ मात्र ८.१९ टक्के ठरेल.

मुंबईच्या आकड्यांतून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. उपनगर जिल्हा याच काळात ८६,४०,४१९ वरून ९३,५६,९६२ वर गेला, म्हणजे सुमारे ८.२९ टक्के वाढला. शहरात ७.५७ टक्के घट आणि उपनगरात ८.२९ टक्के वाढ यांची सरासरी काढल्यास ०.३६ टक्के वाढ येते. दोन्ही जिल्ह्यांची बेरीज मात्र १,१९,७८,४५० वरून १,२४,४२,३७३ झाली, म्हणजे वाढ सुमारे ३.८७ टक्के. आधार असमान असताना टक्केवारींची साधी सरासरी काढता येत नाही.

जुन्या मराठी हिशेबातील वाढ

दशांश अपूर्णांक शाळेत रुळण्यापूर्वी मराठी मुले पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी असे अपूर्णांकांचे पाढे पाठ करीत. सवायकी म्हणजे १.२५ चा आणि दिडकी म्हणजे १.५ चा पाढा. आजच्या भाषेत ते २५ टक्के आणि ५० टक्के वाढीचे गुणकच होते. व्याज ‘दरसाल दरशेकडा’ सांगण्याची (द. सा. द. शे.) पद्धत शालेय पुस्तकांत अजून टिकून आहे. शेकड्यावर व्याज मोजण्याची परंपरा त्याहून फार जुनी आहे. भास्कराचार्यांच्या बाराव्या शतकातील ‘लीलावती’ ग्रंथात दरमहा शेकडा पाच अशा दराची उदाहरणे येतात. त्यांच्या ग्रंथांच्या अध्यापनासाठी त्यांच्या नातवाने, चांगदेवाने, स्थापन केलेल्या मठाचा शिलालेख कन्नडच्या घाटापलीकडे चाळीसगावजवळच्या पाटण येथे आहे.

खेड्यांत पेरणीच्या वेळी सावकाराकडून धान्य घेऊन सुगीला सव्वापट किंवा दीडपट परत करण्याची सवाई-दिढीची रीत होती. दिढीत मणाला दीड मण, म्हणजे ५० टक्के वाढ, आणि तीही वर्षाची नव्हे, एका हंगामाची. सहा महिन्यांचा हंगाम धरून तोच हिशेब चक्रवाढीने वर्षभर चालवला तर १.५ × १.५ = २.२५, म्हणजे १२५ टक्के. येथेही आधाराचा एक पेच आहे. पेरणीला धान्य महाग असते आणि सुगीला स्वस्त. पेरणीच्या वेळी मणाचा भाव ४० आणि सुगीला ३० मानला, तर घेतलेला एक मण ४० चा आणि दिलेला दीड मण ४५ चा. पैशांत वाढ १२.५ टक्केच भरते. धान्याच्या मापाने मात्र ती ५० टक्केच राहते, आणि ज्या कुणब्याच्या कणगीतून ते धान्य जात असे त्याच्या घरी वर्ष धान्यावरच निघत असे.

हैदराबाद संस्थानात, म्हणजे १९४८ पर्यंतच्या मराठवाड्यात, दोन रुपयांचा मेळ घालावा लागे. संस्थानाचे ७ हाली रुपये हे ब्रिटिश भारताच्या ६ कलदार रुपयांबरोबर धरले जात. कलदाराचे हाली करताना रकमेचा आकडा एक षष्ठांशाने, सुमारे १६.६७ टक्क्यांनी, वाढे. हालीचे कलदार करताना तो एक सप्तमांशाने, सुमारे १४.२९ टक्क्यांनी, घटे. १०० कलदारांचे ११६.६७ हाली करून, परत येताना त्यातून पुन्हा १६.६७ टक्केच वजा केले तर हाती ९७.२२ कलदार उरतात. पावणेतीन रुपयांहून अधिक रक्कम केवळ आधार चुकल्याने नाहीशी होते.

मर्यादा

मूळ मूल्य शून्य असेल तर शेकडा वाढ काढता येत नाही, कारण सूत्रात शून्याने भागावे लागते. जायकवाडीचा उपयुक्त साठा २०१६ आणि २०१९ च्या दुष्काळी उन्हाळ्यांत संपला होता आणि पिण्यासाठी मृतसाठ्यातील पाणी उपसावे लागले. अशा वेळी उपयुक्त साठा शून्यावरून ५ टक्क्यांवर आला तर तो ‘पाच टक्केबिंदूंनी वाढला’ किंवा ‘१०९ दलघमीने वाढला’ असे म्हणता येते. ‘इतक्या टक्क्यांनी वाढला’ असे मात्र म्हणता येत नाही.

मूळ मूल्य ऋण असेल तेव्हाही सूत्र फसते. मृतसाठ्यातील पाणी वापरले जाऊ लागले की वृत्तपत्रांत साठा ‘उणे ५ टक्के’ असा छापला जातो. पुढे पाऊस पडून तो अधिक ५ टक्के झाला, तर सूत्रात किमती घालून (५ − (−५)) ÷ (−५) × १०० = −२०० असे उत्तर येते, म्हणजे पाणी वाढले असताना २०० टक्के घट. हेच कोष्टक तोट्यातून नफ्यात आलेल्या संस्थांच्या अहवालांत आढळते. अशा ठिकाणी शेकडा बदल न देता दोन्ही मूल्ये व त्यांतील फरक मूळ एककात देतात. जायकवाडीच्या या उदाहरणात तो फरक सुमारे २१७ दलघमी भरतो.